पत्ता नसलेलं वजन

९ डिसेंबर १९८७, बुधवार

मशीन आज पुन्हा पडलं. कन्सोलवर 'पॅनिक'ची एक ओळ आली आणि मग सगळं गप्प. हिशेब खातं, शेतकी खातं, स्टोअर, वजनकाटा, सगळे टर्मिनल एकदम मेले. शेतकीतून आवाज आला, "गेली वो बाई तुमची मशीन." चालते तेव्हा कारखान्याची, पडते तेव्हा माझी.

उभं करायला वेळ लागतोच. डिस्क तपासायची, मोडक्या फायली जोडायच्या. तोवर काट्यावर उसाच्या गाड्या अडल्या. रांग गाडीतळ ओलांडून लोहाऱ्याच्या रस्त्याला लागली. बैल उन्हात, बायका गाड्यांच्या सावलीत. मी खिडकी लावून घेतली. मला ते बघवत नव्हतं, आणि त्यांनी मला बघावं असंही वाटत नव्हतं.

एम.डी. साहेब दारात येऊन उभे राहिले. घड्याळ बघितलं आणि निघून गेले.

१० डिसें., गुरु.

दिवसभर तर्क ऐकले. वायरमन म्हणतो व्होल्टेज. स्टोअरकीपर म्हणतो उंदीर. शेतकीतला चिटबॉय म्हणतो भुसा आत जातोय. मी सगळ्यांचं ऐकलं. स्टॅबिलायझर बदलला, केबल उचलून बघितल्या, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि घागरभर पाणी ओतलं. कॉलनीत टँकर एक दिवसाआड येतो. माळी बाजूला उभा राहून ते पाणी जमिनीत मुरताना बघत होता. "झाडाला तरी घातलं असतं बाई," एवढंच म्हणाला.

मशीन देऊन मला इथं सांभाळायला पाठवलं त्या कंपनीत, पुण्याला, अर्जंट ट्रंक कॉल लावला. फडके. आमच्या कंपनीत काट्याच्या लाईनचा ड्रायव्हर, म्हणजे काट्यावरची वजनं मशीनच्या आत घेणारा प्रोग्राम, त्यांनीच लिहिलाय.

"पडलं की लगेच रीसेट करू नकोस. कन्सोलवर येतो तो पत्ता उतरव, कुठं अडलं ते कळेल. मेमरी टेपवर घे."

"म्हणजे अजून जास्त वेळ बंद?"

"मग काय अंदाजानं दुरुस्त करणार आहेस?"

लाईन तुटली. फडक्यांना बैल दिसत नाहीत.

११ डिसें., शुक्र.

सकाळपासून पडायची वाट बघत होते आणि पडू नये म्हणून देवाला, म्हणजे ज्याला कुणाला म्हणायचं त्याला, विनवतही होते. जेवणानंतर पडलं.

पत्ता उतरवला. चुकू नये म्हणून दुसऱ्यांदा उतरवला. मेमरी टेपवर जायला लागली. टेप आपल्या गतीनं फिरतेय, बाहेर बैलांच्या घंटा, मागं साहेब.

"अजून का नाही चालू?"

"पुरावा घेतेय, साहेब."

"पोलीस आहात का तुम्ही?"

संध्याकाळी प्रोग्रामच्या छापील याद्या पसरून बसले. पत्ता सापडला. फडक्यांच्याच ड्रायव्हरमध्ये. नल पॉइंटर, म्हणजे कोरा पत्ता. मला एकदम हलकं वाटलं, ताप कशाचा ते कळल्यावर वाटतं तसं. तो उतरलेला नसतो तरी.

मी उतरलेय मावशीकडं. काका साखर शिजवायच्या पॅनवर आहेत, म्हणून कॉलनीत खोली. मावशीनं भाकरी थापता थापता विचारलं, "म्हंजी झालंय काय तिला?" सांगितलं: मशीनच्या आत एक मुख्य प्रोग्राम असतो, कर्नेल म्हणतात, काट्याचा ड्रायव्हर त्याचाच भाग. बाकीचे सगळे त्याच्या जिवावर. त्याला पत्ता दिला की तो तिथं सामान नेऊन ठेवतो. आता पत्त्याच्या जागी नुसतं कोरं आहे. दुसरा एखादा प्रोग्राम असा चुकला तर तोच मरतो. कर्नेल चुकला तर सगळं घर खाली.

मावशी म्हणाली, "मग पत्ता नसंल तर माघारी यावं की."

हेच. एवढंच तर करायचंय. पण पत्ता कोरा होतोच का, ते कळल्याशिवाय हात लावायचा धीर होत नाही.

१२ डिसें., शनि.

स्वतःसाठी मांडून बघते. भरली गाडी काट्यावर येते. काट्यावरचे अप्पा आकड्याच्या पेटीवर गाडीचा टोकन नंबर टाकतात आणि बटण दाबतात. वजन तारेतून मशीनमध्ये जातं. गाडी गव्हाणीवर, म्हणजे चरकाकडं जाणाऱ्या पट्ट्यावर, ऊस टाकून रिकामी परत येते, पुन्हा वजन, वजाबाकी, तेव्हा कुठं पावती. पत्ता कोरा असतो तो फक्त काट्याच्या टर्मिनलवरचा नोंदीचा प्रोग्राम बंद असताना. तेव्हा वजन आलं तर मशीन पडणार. पण प्रोग्राम बंद असताना बटण दाबेल कोण?

शिवलिंगअप्पांना विचारायला गेले. काट्यावर यांची हयात गेली. घरी कानडी, काट्यावर मराठी. टर्मिनलवर भुसा बसू नये म्हणून पडद्यावर आपला पंचा टाकून ठेवतात, बघतात फक्त आकड्याची पेटी.

"मशीन पडलं तेव्हा काटा चालू होता का?"

"न्हाय अक्का. बंदच होता. बंद काट्यावर म्या काय करणार?"

डोळ्याला डोळा दिला नाही. पण अप्पा कुणाच्याच डोळ्याला डोळा देत नाहीत.

तारेत गोंगाट असेल का? साखर कारखान्यात मोटारी म्हणजे काय थोड्या.

१४ डिसें., सोम.

साहेबांनी बोलावलं. बावीस तारखेला बोर्डाची मीटिंग. "यंदा ऊसच नाही. आहे तो शेतकऱ्यांनी विहिरीच्या तळाचं पाणी उपसून जगवलेला. त्याचं वजन तुमच्या मशीनमुळं अडतंय. मीटिंगपर्यंत पडायचं थांबलं नाही तर मशीन पुण्याला परत, काटा पुन्हा हातानं."

कंपनीचं म्हणणंही आजच फोनवर कळलं. सहकारी कारखान्यातलं हे आमचं पहिलंच मशीन. परत गेलं तर मीही परत. मी अजून प्रोबेशनवर. ईटला, माझ्या गावी, बाबांनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलंय की पोरगी कारखान्याची मशीन चालवते. ते चालतं तेवढं चालवते.

 

१५ डिसें., मंगळ.

दिवसभर काट्यावर खुर्ची टाकून बसले. काही झालं नाही. अप्पा ताठ, शाळेत साहेब तपासणीला आल्यावर मास्तर असतात तसे. गाड्या आल्या, गेल्या. गाडीवान माझ्याकडं बघून आपसात काही बोलायचे आणि गप्प व्हायचे.

चहाला म्हणून उठले. ऑफिसात पोचते न पोचते तोच मशीन पडलं.

१६ डिसें., बुध.

पुन्हा तेच. बसले तोवर ठीक. जेवायला उठले आणि पडलं.

मनात नको ते आलं. अप्पा मुद्दाम पाडतात का? कॉम्प्युटर आला म्हणून काट्यावरचे दोन कारकून दुसरीकडं गेले, ते यांचे सोबती. साहेबांना सांगावं का? सांगितलं तर अप्पा उद्याच घरी. नाही सांगितलं तर मी. जिन्यावर बसून राहिले, वर साहेबांच्या केबिनकडं जाणाऱ्या. मग उतरले. न बघता कुणाचं नाव घ्यायचं नाही.

१७ डिसें., गुरु.

बघितलं.

"जेवायला जाते," अप्पांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि मळीच्या टाकीमागून वळसा घालून आले. नाकाला पदर. कोपऱ्यावरून काटा दिसतो.

काट्यावर गाडी नव्हती. माणसं होती. बायका, गडी, खांद्याला खांदा लावून उभे, फोटो काढायला उभे राहतात तसे. सगळ्यांच्या पुढं एक उंच बाई, पदर खोचलेला. अप्पांनी पंचा उचलला, प्रोग्राम बंद केला, पंचा टाकला आणि बटण दाबलं. सगळ्यांनी माना उंच करून आकडा वाचला. मग खाली उतरले, फिरून दुसऱ्या बाजूनं वर चढायला लागले. एवढ्यात ऑफिसातून आरोळी आली, मशीन गेली.

मी पुढं झाले. अप्पांचा चेहरा राखेसारखा.

"अक्का, साहेबाला सांगू नका."

कळलं ते असं. जुन्या काट्याला दांडी होती, वजनं होती, डोळ्याला दिसायची. आता नुसता लाल आकडा. लोकांना वाटतं काटा मारतोय. म्हणून अप्पा त्यांना काट्यावर उभं करतात. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. दोन्ही वेळा आकडा तोच आला की लोक मानतात, मग मुकाट्यानं गाड्या लावतात. गाडीशिवाय काट्यावर चढायला बंदी आहे, म्हणून चोरून. मी बसले की थांबायचं, उठले की व्हायचं.

"पण प्रोग्राम बंद का करता?"

"माणसांचं वजन उसात नगं जायला, म्हणून."

"आणि मग बटण कशाला दाबता?"

"बटण दाबलं की आकडा थांबतो. न्हायतर नाचत ऱ्हातो. नाचणारा आकडा कोण खरा मानंल?"

बरोबर आहे त्यांचं. सगळ्यांचं सगळंच बरोबर होतं, आणि त्यानं मशीन पडत होतं. हसू आलं आणि डोळ्यात पाणीही.

त्या उंच बाईनं, इंदूबाई तिचं नाव, शेजारच्याच गावची, स्वतःची शेती स्वतः बघते, मला खालून वर न्याहाळलं. "आमी मशीन पाडायलाव व्हय? आमी तर नुसतं उभं ऱ्हायलाव."

साहेबांना म्हणाले, चूक सापडली, आमच्या प्रोग्राममधली आहे. माणसांचं काही बोलले नाही.

१८ डिसें., शुक्र.

फडके फोनवर: "अरे हो. बंद लाईनवर कोण वजन पाठवेल, असं वाटलंच नाही."

"लोक काट्यावर उभे राहतात."

"लोक? कशाला?"

ट्रंक कॉलवर हे कसं समजावणार? "राहतात," म्हणाले.

दुरुस्ती एका ओळीची. पत्ता कोरा असेल तर आलेलं वजन टाकून दे आणि परत फीर. लिहिली. दहादा वाचली. मावशीनं सांगितलं होतं तेच आहे, फक्त सी भाषेत.

पण कर्नेल नवा बांधायचा म्हणजे तासन् तास मशीन मला एकटीला हवं, आणि मग बंद करून नव्या कर्नेलवर उठवायचं. उठलंच नाही तर? गाळप चालू असताना हा खेळ करता येत नाही. अप्पांनीच वाट सांगितली. "येळवशीला करा अक्का. त्या दिशी गाडीतळावर चिटपाखरू नसतंय."

२० डिसें., रवि. वेळ अमावस्या

आज इकडं कुणी बैल जुंपत नाही. सगळी माणसं शेतात, कडब्याच्या खोपीत पूजा, तिथंच जेवण. गव्हाणीला काल रचून ठेवलेला ऊस पुरवतायत. गाडीतळ झाडून काढल्यासारखा. अप्पाही आपल्या रानात गेले.

सकाळपासून बांधणी. एकदा कंस विसरले, एकदा डिस्कवर जागा संपली. जुना कर्नेल वेगळ्या नावानं ठेवला, ठेवलाय ना ते तीनतीनदा बघितलं. मग मशीन बंद केलं. इतके दिवस ते पडू नये म्हणून जीव टांगणीला, आणि आज स्वतःच्या हातानं बंद.

कन्सोलवर एकेक ओळ येत गेली. मध्येच थांबली. मला घाम. मग पुढची आली. मग लॉगिन.

मावशी डबा घेऊन आली होती. तिला काट्यावर नेऊन उभं केलं. म्हणाली, "आकडा मला सांगू नगंस." प्रोग्राम बंद केला, बटण दाबलं आणि ऑफिसकडं धावत सुटले. चप्पल वाटेतच राहिली.

मशीन चालू होतं. काहीच झालं नव्हतं. काहीच न होणं इतकं गोड असतं, ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी इंदूबाईच्या रानात. तिनं बोलावणं धाडलं होतं. मावशी आधी म्हणाली, आपल्यात ही पूजा करत न्हाईत. मग म्हणाली, पर भज्जी खायला काय झालं. गेलो. भज्जी, अंबील, बाजरीचे उंडे. भज्जीत यंदा पाला कमी, पीठच जास्त. आजूबाजूची रानं उघडी, मध्ये तिचा उसाचा हिरवा तुकडा. "हिरीनं एवढाच जगवला," इंदूबाई म्हणाली. "रातच्याला दोर सोडून बगायची, पानी किती चढलं. परवापासनं तोड." उसावरून हात फिरवत होती. मला वाढलं, बळंच वाढलं.

२२ डिसें., मंगळ.

बोर्ड. सगळे संचालक काट्यावर आले. मी प्रोग्राम बंद केला, चेअरमननी स्वतः बटण दाबलं. परत दाबलं. सगळे ऑफिसच्या दिशेनं कान देऊन उभे. आरोळी आली नाही.

"पडत न्हाय की," चेअरमन म्हणाले. जरा नाराजच वाटले.

मशीन राहणार. साहेब पहिल्यांदा हसले. फडक्यांनी कंपनीतर्फे अभिनंदन केलं. आज मी मावशीकडं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

साहेबांपुढं माणसांच्या उभं राहण्याचं काढलं, हसतायत तोवर. म्हणाले, "दुपारी एकदा उभे राहू देत. आता काय बिघडणार आहे?" अप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं.

२३ डिसें., बुध.

आज उघडपणे उभे राहिले लोक. दोन्ही बाजूंनी. आकडा तोच. इंदूबाई काट्यावरूनच मोठ्यानं म्हणाली, "आकडा खरा हाय गं. ह्या बाईनं नीट केलाय. लावा गाड्या बिनघोर."

काय वाटलं ते लिहिता येत नाही. कॉलेजात बक्षीस मिळालं तेव्हाही नव्हतं वाटलं. दिवसभर उगाच काट्याकडं फेऱ्या मारत होते.

२४ डिसें., गुरु.

आज काय झालं ते सरळ लिहिते.

दुपारी लोक उभे राहिले. अप्पांनी प्रोग्राम बंद केला, आकडा दाखवला. मागं गाड्या तटलेल्या, गाडीवानांची घाई. अप्पा प्रोग्राम पुन्हा चालू करायला विसरले. पडद्यावर पंचा. पेटीवर टोकन टाकत गेले, बटण दाबत गेले. आकडा थांबायचा, गाडी पुढं जायची. सगळं रोजच्यासारखं.

पहिली गाडी रिकामी होऊन परत आली तेव्हा त्यांनी पंचा उचलला. प्रोग्राम चालू केला. 'भरलेल्या वजनाची नोंद नाही.' दुसरी गाडी. नोंद नाही. तिसरी. मला बोलावलं तोवर ऊस गव्हाणीतून चरकात गेलेला. त्या गाड्यांत एक इंदूबाईची.

मशीनचं काय झालं ते बघायला गेले. चालू होतं. व्यवस्थित, शांत. एकेक वजन आलं, पत्ता कोरा दिसला, माझ्या ओळीनं ते टाकून दिलं आणि ती परत फिरली. मी सांगितलं होतं तसंच.

आधीच्यासारखं असतं तर पहिल्याच बटणाला मशीन पडलं असतं. आरोळी आली असती. अप्पांनी मागं वळून बघितलं असतं. गाड्या अडल्या असत्या, शिव्या मिळाल्या असत्या, पण ऊस गाडीत असता. मी त्याचं पडणं थांबवलं नाही, त्याचं ओरडणं थांबवलं.

जेवले नाही.

२५ डिसें., शुक्र.

साहेबांनी तोड काढली: त्या गाड्यांना सरासरी वजन लावा. बाकीचे कुरकुरत कबूल झाले. इंदूबाई झाली नाही. काट्यासमोर उभी, साहेब, अप्पा, मी, आणि गाडीतळावरची सगळी माणसं.

"सरासरीत दुसऱ्याचा ऊस हाय. माझा कुठं हाय?"

साहेब म्हणाले, "बाई, नोंदच नाही."

"आकडा आलता की. म्या बगितला. अप्पानं बगितला."

"तोंडी आकडा कसा धरणार? उद्या प्रत्येकजण सांगेल."

अप्पांनी तोंड उघडलं, साहेबांनी नजरेनंच मिटवलं. मग इंदूबाई माझ्याकडं वळली. आवाज चढला नव्हता.

"तुमी सांगा बाई. मशीननं माझा ऊस बगितला का न्हाय?"

बघितला. बघितला आणि टाकून दिला. एवढंच उत्तर होतं. साहेब माझ्याकडं बघत होते.

मी म्हणाले, "तपासून सांगते."

तपासायला काहीही शिल्लक नव्हतं. मला ते ठाऊक होतं आणि तिलाही कळलं. "तपासा," म्हणाली आणि बैल वळवले. सरासरीवर अंगठा दिलाच नाही.

लाज वाटतेय. नुसती लाज नाही, भीतीही. काट्यावर आज दुपारी कुणी उभंच राहिलं नाही.

फडके फोनवर म्हणाले, "ड्रायव्हर बरोबर आहे. चूक ऑपरेटरची."

"आधी पडायचं तेव्हा कळायचं तरी."

"प्रज्ञा, तुला काय पडणारं मशीन हवंय?"

उत्तर द्यायच्या आत वेळ संपली. बरं झालं, उत्तर नव्हतंच.

२६ डिसें., शनि.

उत्तर आहे. कालपासून लिहीत होते, आज बांधून झालं. बंद लाईनवर वजन आलं तर पाडायचं नाही आणि टाकायचंही नाही. टोकनसकट बाजूला ठेवायचं, आणि काट्याच्या टर्मिनलवर घंटा वाजवत राहायचं, अप्पा पंचा उचलून प्रोग्राम चालू करेपर्यंत. बांधणी लोकांची कामं चालू असतानाच हळूहळू केली, सगळ्यांनी मशीन संथ झाल्याच्या तक्रारी केल्या. नवा कर्नेल डिस्कवर तयार आहे. फक्त मशीन एकदा बंद करून त्यावर उठवायचं.

साहेबांकडं गेले. सगळं सांगितलं, टाकून दिल्याचंही.

"हे आणखी कुणाला बोललात?"

"नाही."

"बोलू नका. हंगाम संपेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. पडत नाही म्हणून बोर्डानं ठेवलंय. आता बोर्डाला काय सांगू, पडत नाही पण वजनं खातंय?"

"म्हणूनच साहेब..."

"अप्पांना बदलतोय. नवा माणूस विसरणार नाही. विषय संपला."

विसरेल. अप्पा इतक्या वर्षांत पहिल्यांदा विसरले.

दिवसभर काट्यावर उभी होते. गाडी आली की पंचा उचलून बघायचं, प्रोग्राम चालू आहे ना. परत टाकायचा. भुसा डोळ्यात. ऑफिसात मशीन छान चालू, एक तक्रार नाही. मी इथून हलले की आत काय चाललंय ते मला कुणी सांगणार नाही.

इंदूबाईचा अर्धा तुकडा अजून रानात उभा आहे. तिच्या गावच्या गाडीवानाला विचारलं. म्हणाला, "तोड थांबिवलीय तिनं. तपासून सांगते म्हनल्यात म्हनं बाई, तवर न्हाय आनीत." तुटायला आलेला ऊस या उन्हात किती दिवस थांबणार.

आता मशीन आपणहून कधी पडणार नाही. पाडायचं तर हात माझाच लागेल, साहेबांनी नको म्हटलेलं असताना. प्रोबेशनवरच्या मुलीचा.

निघताना अप्पांना विचारलं, उद्या गाड्यांची गर्दी सगळ्यात कमी कधी असेल.

"भाकरीच्या वक्ताला. का वो अक्का?"

सांगितलं नाही. पंचा नीट घडी करून त्यांच्या हातात दिला आणि आले.